नातू आणि नाणावटी

सरकारी कोषागारात चौतीस वर्षे ज्याने इतरांचा पैसा मोजला, त्याला पैशाविषयी सर्व काही ठाऊक असलेच पाहिजे, असा जो एक लोकभ्रम प्रचलित आहे, तो मी सेवेत असेतो कधी दूर केला नाही, आणि सेवानिवृत्तीनंतरही ते काम मला स्वतःला करावे लागले नाही. माझ्या नऊ वर्षांच्या नातवाने ते नाशिकच्या एका बोळात, परक्या माणसादेखत, कोणतीही पूर्वसूचना न देता, पाच मिनिटांत उरकून टाकले.

तसे पाहता नाण्यांशी माझा जिव्हाळ्याचा म्हणावा असा संबंध एकच. ३० जून २०११ या दिवसापासून पंचवीस पैशांचे नाणे, म्हणजे आमच्या पिढीची पावली, चलनातून कायमचे बाद झाले, आणि त्याच दिवशी सायंकाळी शाल, श्रीफळ व भिंतीवरचे घड्याळ यांच्या साक्षीने मीही बाद झालो. (शाळेत नाव घालताना आमच्या गुरुजींनी अवघ्या वर्गाला १ जून हीच जन्मतारीख वाटली होती, मला तेवढी ११ जून मिळाली. महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला सरकारी नोकर नियमाप्रमाणे आदल्याच महिन्याच्या अखेरीस घरी जातो, त्यामुळे पावलीशी माझी गाठ पडली ती गुरुजींच्या हातून पडलेल्या एका जास्तीच्या एक्क्यामुळे.) निरोपसमारंभात आमच्या अव्वल कारकुनाने सद्गदित होऊन, "आज पावली गेली, आणि साहेबही चालले," असे सांगितले, तेव्हा ज्यांना गहिवरून यावयास हवे होते त्यांना हसू फुटले, आणि उरलेले माझ्या बशीतील भज्यांकडे पाहत होते.

नातवाचे नाव अन्वय. नावाला जागून तो कोणत्याही वाक्याचा अन्वय लागेपर्यंत बोलणाऱ्याला सोडत नाही. आजीच्या कपाटातील बिस्किटांच्या जुन्या डब्यात, गुंड्या, सेफ्टी पिना आणि कुलपांवाचून उरलेल्या किल्ल्या यांच्या सहवासात, त्याला एके दिवशी १९४४ सालचा भोकाचा पैसा सापडला. आणि महायुद्धाच्या काळात धातू वाचावा म्हणून खुद्द सरकारनेच ज्याच्या पोटाला भोक पाडले, त्या पैशावर त्याचे जे मन बसले ते उठेना. तेव्हापासून एक भिंग, एक लोहचुंबक आणि एक दोनशे पानी वही एवढा सरंजाम बरोबर घेतल्याशिवाय तो उंबरठा ओलांडत नाही. पुण्याचा बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार त्याने असा काही पालथा घातला, की पुढच्या खेपेस मला पाहताच दोन विक्रेत्यांनी आपली पथारी आवरावयास घेतली.

सहकुटुंब प्रवासाला निघालेल्या मंडळींत प्रत्येकाचे एकेक दैवत ठरलेले असते. नाशिकला निघताना आमच्या सौभाग्यवतींना त्र्यंबकेश्वर आणि काळाराम दिसत होते, जावयांना मिसळ दिसत होती, कन्येला स्वतःचीच छायाचित्रे दिसत होती, आणि नातवाला नाण्यांची दुकाने दिसत होती. माझे असे कोणतेच दैवत नसल्यामुळे, सरकारी शिरस्त्याप्रमाणे, ज्याला काम नाही त्याच्याकडे जादा कार्यभार सोपवावा, या न्यायाने मला नातवाचा मुखत्यार नेमण्यात आले.

पहिला मोर्चा सराफ बाजाराकडे वळला. एका पेढीवर, लक्ष्मीपूजनासाठी म्हणून ठेवलेल्या चांदीच्या रुपयांचा खण सराफांनी मोठ्या अगत्याने आमच्यापुढे ओढला. राणीछाप रुपया, पंचम जॉर्जचा रुपया, असे एकेक तोळा वजनाचे राजेराणी (रुपया हेच पूर्वी तोळ्याचे माप होते) तेथे वजनावर विकले जाण्याची वाट पाहत पडले होते. मी त्यांच्या भावाची चौकशी करीत आहे तोच नातवाने खिशातून लोहचुंबक काढले आणि, मला आवरता येण्यापूर्वी, ते त्या राजमंडळावरून फिरविले. सगळे सम्राट निश्चल राहिले. एक मात्र टुणकन उडी मारून चुंबकाला चिकटला. सराफांचा चेहरा उतरला. तीन पिढ्यांच्या पेढीवर खोटा रुपया निघावा, आणि तोही एका बालकाच्या हातून, या कल्पनेने मीच ओशाळून क्षमेची भाषा जुळवू लागलो. नातवाने तेवढ्यात रुपया उलटा करून त्यावरचा वाघ दाखविला आणि म्हणाला, "खोटा नाही, काका. १९४७ चा आहे. हा चांदीचा नाहीच, निकेलचा आहे. निकेल चिकटतं."

सराफांनी चष्मा चढविला, साल वाचले, आणि तो रुपया खणातून काढून वेगळा ठेवला. १९३९ पर्यंतच्या रुपयात बारा भागांतील अकरा भाग चांदी, १९४० पासून निम्मीच, आणि १९४७ च्या रुपयात ती औषधालाही नाही, हा राज्य उताराला लागल्याचा ताळेबंद त्या मुलाला तोंडपाठ होता. "आमच्याकडं हे मोडीचं काम," सराफ म्हणाले, "तुम्ही त्या पलीकडच्या बोळात जा. तिथं एक नाणेवाले बसतात. त्यांना आवडेल हा."

ते नाणेवाले, म्हणजे माझ्या मते नाणावटी या जुन्या पदवीचे नाशकातील अखेरचे हक्कदार, एका वाड्याच्या जिन्याखाली बसले होते. दुकानाची रुंदी त्यांच्या मांडीएवढी होती, आणि समोरच्या काचेवर "कृपया हात लावू नये" अशी पाटी होती. मुलाला पाहताच त्यांनी पाटीकडे बोट दाखविले. मुलाने पाटी वाचली, हात पाठीमागे बांधले आणि विचारले, "काठाला धरलं तर चालेल?" नाणावटींनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि एक रौप्यमुद्रा त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती तर्जनी आणि अंगठा यांच्या चिमटीत नेमकी काठावर धरून, श्वास बाजूला सोडीत, भिंगाखाली घेतली. तीच पुढे माझ्या हाती आली तेव्हा चौतीस वर्षांच्या सवयीने मी तिच्यावर अंगठा दाबून चोळला, आणि नाणावटी म्हणाले, "साहेब, नाणं आहे ते. बाम नव्हे."

यानंतर माझी जी परीक्षा झाली तिचा उल्लेख आरंभी केलाच आहे. बाळ काय गोळा करतो, असे त्यांनी विचारले. "गेंड्याच्या पावल्या. प्रत्येक टांकसाळीची एक पाहिजे. मुंबई, हैदराबाद, नोएडा आहेत. कोलकाता नाही." मग नाणावटी माझ्याकडे वळले. मी कोठे नोकरीस होतो हे विचारून घेऊन, कोषागारात, हे उत्तर ऐकताच त्यांनी काचेखालून दोन रुपयांचे एक साधे चालू नाणे काढून माझ्यापुढे ठेवले. "सांगा, कुठलं?"

मी गंभीरपणे सांगितले, "भारत सरकारचे."

"आबा," नातू हळूच म्हणाला, "कुठल्या टांकसाळीचं ते विचारतायत."

सालाच्या आकड्याखाली हिऱ्याचा ठिपका असेल तर ते मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, गोल ठिपका असेल तर नोएडाचे, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे, ही गोष्ट, दुहेरी कुलपाच्या खोलीत खुर्द्याच्या थैल्या वजनावर मोजून घेण्यात अर्धे आयुष्य घालविलेल्या मला, वयाच्या सत्तराव्या वर्षी त्या जिन्याखाली समजली. थैल्या मोजल्या, वजने मोजली, पहाऱ्याचे पोलीससुद्धा मोजले, परंतु एकही नाणे कधी पाहिले नाही. पाहण्याची तरतूदच नियमावलीत नव्हती, असा खुलासा मी तेथल्या तेथे सादर केला. तो दप्तरदाखल झाला असे वाटत नाही.

मग त्या दोघांची जी समाधी लागली तीत मला श्रोत्याचे स्थान उरले. नाणावटींनी नहपानाची गोष्ट काढली. नाशिकजवळ जोगळटेंभी या गावी १९०६ साली एका ठेव्यात क्षत्रप राजा नहपान याची १३,००० हून अधिक चांदीची नाणी निघाली, आणि पाहतात तो त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर, नहपानाच्या मुखावरच, त्याला जिंकणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला! नाणी वितळविण्याची खटपट त्याने केलीच नाही. जुन्याचे नाक तसेच ठेवून त्यावर आपले चिन्ह उमटविले. अन्वयला हे फार अपमानास्पद वाटले. मला त्यात नवल वाटले नाही. नवे साहेब हजर झाले की जुन्या साहेबांच्या नावाची पाटी पालथी करून तिच्या पाठीवरच नवे नाव रंगविण्याची काटकसर आमच्या कार्यालयात तीनदा झालेली मी पाहिली आहे. माझ्या पाटीच्या मागे अजून कोणाचे नाव होते ते ऊन पडले की दिसत असे.

पुढे निघाला नाशकातच पडलेला पेशवाईचा रुपया. नाशिकला तेव्हा गुलशनाबाद म्हणत, आणि त्या टांकसाळीच्या रुपयावर जरीपटक्याचे चिन्ह असे; मात्र नाव कोणाचे, तर दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे, आणि तेही फारसीत. "पण बादशहा तर पेशव्यांना घाबरायचा ना?" अन्वयचा अन्वय अडला. येथे मात्र माझे शासकीय ज्ञान कामास आले. मी त्याला समजाविले, की ज्या आदेशाचा मसुदा कारकून करतो, ज्यावर सही उपसचिव करतो, त्याच्याखाली आजही "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" असेच लिहिलेले असते, आणि राज्यपालांना त्याची वार्ताही नसते. नाणावटींनी प्रथमच माझ्याकडे आदराने पाहिले.

अशा नाना टांकसाळींचे नाना रुपये, पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, एकाच बाजारात फिरत. एकाचा दुसरा करून घेताना सराफ जी कसर कापून घेई तो बट्टा, आणि आपल्या नावाला लागतो तो बट्टा मूळचा हाच. मुलाला सर्वांत मौज वाटली ती मात्र हिशेबाची. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पया, म्हणून रुपयाच्या १९२ पया, आणि हे सारे १ एप्रिल १९५७ रोजी मोडून रुपयाचे १०० नवे पैसे झाले, तेव्हा एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस नवे पैसे असा सरकारी तक्ता निघाला. अन्वयने वहीत भागाकार केला. "म्हणजे दोन आण्यांत सरकार अर्धा पैसा खातं, आणि तीन आण्यांत आपण पाव पैसा खातो." मी चार वर्षांचा होतो, माझा त्यात काही हात नव्हता, असे मला सांगावे लागले.

शेवटी खरेदी ठरली ती शिवराईची. एका अंगास "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या अंगास "छत्रपति" अशी अक्षरे असणारे हे तांब्याचे नाणे शिवछत्रपतींनी सुरू केले आणि पेशवाई संपेपर्यंत ते त्याच नावाने पडत राहिले. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे सगळी अक्षरे कोणत्याच शिवराईवर सहसा मावत नाहीत. भाव दोनशे रुपये. अन्वय भिंग लावून म्हणाला, "'श्री' अर्धीच आहे, काका. आणि 'शिव' मधला 'व' गेलाय."

"बाळा, राज्याचा भाव अक्षरांवर नसतो," नाणावटी म्हणाले. परंतु दीडशेला दिली.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकेश्वरी या विद्येचा जाहीर प्रयोग झाला. पूजा सांगणाऱ्या गुरुजींना दक्षिणा देण्यासाठी आजीने सुट्या नाण्यांची पिशवी नातवाच्या हाती दिली, आणि गुरुजींचा तळहात पुढे आलेला असताना तो एकेक नाणे उजेडाकडे धरून तपासू लागला. "हे नको, हे हैदराबादचं जुनं आहे. हे घ्या, नोएडाची माझ्याकडे खूप आहेत." मागे रांग खोळंबली. सौभाग्यवतींच्या मुद्रेवर रुद्रावतार प्रकटू लागला होता. परंतु गुरुजींनी, हे काय चालले आहे याची रीतसर चौकशी केल्यावर, स्वतःच्याच कनवटीची चंची मोकळी केली आणि त्या दोघांनी मिळून मांडवात टांकसाळींची रुजुवात आरंभिली. शेवटी दक्षिणेची देवघेव दोन्ही बाजूंनी झाली, आणि माझ्या अंदाजाने पुरोहितवर्ग तीन रुपयांनी फायद्यात राहिला. परतीच्या वाटेवर अंजनेरीला उतरलो; तेथे १९८० साली स्थापन झालेली नाणेशास्त्राची संशोधनसंस्था आहे आणि हनुमंताचे जन्मस्थानही तेथेच मानतात, त्यामुळे आजी डोंगराकडे हात जोडून उभी आणि नातू संग्रहालयाच्या काचेला नाक लावून उभा, अशी दोन्ही दर्शने एकाच थांब्यात आटोपली.

गोदाघाटावर संध्याकाळी जी पोरे दोरीला लोहचुंबक बांधून रामकुंडातील भाविकांचे पैसे वर काढीत असतात, त्यांच्याशी अन्वयची व्यावसायिक चर्चा चालू असताना, एका पथारीवाल्याने मला बाजूस घेतले. त्याने फडक्यातून एक मोठे थोरले नाणे काढले. एका बाजूस उड्डाण करणारा मारुती, दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, साल १८१८. "साहेब, हे तांदूळ ओढतं. घरात ठेवलं की बरकत. पाच हजारांना देतो, तुमच्याकडं बघून." माझ्याकडे बघून त्याला जे दिसले ते बरोबरच होते, कारण माझा हात खिशाकडे गेला होता. ज्या कंपनीने १८१८ साली पेशवाई बुडविली, तिने त्याच वर्षी मारुतीरायाची नाणी पाडून पुण्यसंचय कशासाठी करावा, ही शंका इतिहास शिकलेल्या माणसाला यावयास हरकत नव्हती. कंपनीने मारुतीची अशी नाणी कधीच पाडली नाहीत, ही सारी अलीकडची करामत आहे, हेही मला नंतर सांगण्यात आले. तेवढ्यात मागून एक छोटा हात आला, आणि मारुतीराया द्रोणागिरीसह लोहचुंबकाला जाऊन चिकटले.

"काका," अन्वय अत्यंत आदराने म्हणाला, "हे तांदूळ ओढत नाही. ह्यालाच लोहचुंबक ओढतंय."

पथारीवाल्याने नाणे काढून घेतले आणि मला विचारले, "तुमचाच का हा?" मी होय म्हटले. त्या होकारात मी सेवेतील कोणत्याही पदोन्नतीच्या वेळी अनुभवली नव्हती अशी ऐट होती, आणि पाच हजार रुपये शिल्लक होते ते वेगळेच.

पांडवलेण्यांत मात्र माझा दिवस उजाडला. तेथे दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने कायमचे ठेवले, आणि त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावे, असे कोरून ठेविले. मी तेथेच उभ्या उभ्या हिशेब केला: दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, वीस भिक्षूंचे प्रत्येकी बारा म्हणजे दोनशे चाळीस. जमा बरोबर खर्च, शिल्लक निरंक, लेखापरीक्षणास एकही आक्षेप नाही! हा ताळा सुमारे एकोणीसशे वर्षे पावसात उभा आहे, आणि आमच्या तालुक्याचा ताळा मार्चअखेरसुद्धा जुळत नसे. मी भारावून दोनदा मोठ्याने बेरीज केली. नातवाने जांभई दिली. त्याचे म्हणणे, त्या दोन हजारांपैकी एकही नाणे येथे पाहावयास ठेवलेले नाही, मग उपयोग काय? त्याच डोंगरात तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राचाही आदेश कोरलेला आहे हे कळल्यावर त्याने एवढेच विचारले, "मग ह्यानं सासऱ्यांच्या तोंडावर शिक्का मारला तेव्हा जावई काय करत होते?" आमच्या जावयांनी विषय बदलून मिसळीचा काढला.

मिसळीने घात केला. तिच्याबरोबर आलेली लिंबाची फोड वाया जाऊ नये म्हणून आजीने ती कागदात बांधून खोलीवर आणली. आणि जिने चाळीस वर्षे घरातील समई, निरांजने व ताम्हन लखलखीत ठेवले, तिच्या दृष्टीस रात्री टेबलावर पडलेली ती काळीकुट्ट शिवराई पडली. सकाळी नातू उठला तेव्हा शिवराई नव्या पळीसारखी तांबूस-गुलाबी चमकत होती. मुलाने ती चिमटीत धरली, उजेडात नेली, आणि तो काही बोलला नाही. तो बोलला नाही म्हणून मी घाबरलो.

स्टेशनकडे जाताना आम्ही पुन्हा त्या जिन्याखाली थांबलो. नाणावटींनी शिवराई हातात घेतली, उलटीसुलटी केली, आणि बराच वेळ चष्मा पुसला.

"कोणी केलं हे?"

अन्वयने आजीकडे पाहिले, मग जमिनीकडे. "मी," तो म्हणाला.

"तो नव्हे हो, मी," सौभाग्यवती पदर सावरीत पुढे झाल्या. "दोनशे वर्षांचा मळ होता नुसता! कसली कळा आली होती तिला."

"वहिनी," नाणावटी म्हणाले, "मळाचेच तर दीडशे घेतले होते मी."

ती शिवराई आता आमच्या देवघरात बाळकृष्णाच्या शेजारी आहे. हळदीकुंकवाच्या बोटांनी ती हळूहळू पुन्हा काळवंडत आहे, आणि अन्वय दर रविवारी भिंग घेऊन तिची प्रगती वहीत नोंदवितो. मात्र कोलकात्याच्या गेंड्याच्या पावलीचा पत्ता अद्याप लागलेला नाही. नाणावटींकडे नव्हती, जुन्या बाजारात नाही, आणि मोजून टाकलेल्या माझ्या असंख्य थैल्यांतून ती किती वेळा गेली असेल याचा विचार मी करीत नाही. वाचकांपैकी कोणाच्या फडताळात, देव्हाऱ्याच्या खणात वा जुन्या पाकिटात सालाखाली कोणतेही चिन्ह नसलेली गेंड्याची पावली पडून असल्यास कृपया संपादकांमार्फत कळवावे. पाच रुपये देऊ, टपालखर्च वेगळा देऊ, बट्टाही कापणार नाही. फक्त तिला लिंबू लावू नये.